ओढ्याच्या मधोमध उत्तर दिशा

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

ज्या टेबलावर हे पत्र लिहितोय ते मी केलंय. टेबलावरचा दिवा मी केला, त्याची वाकणारी मान जुन्या शॉवरच्या नळीची आहे. मागची भिंत मी बांधली, तिच्यातली खिडकी मी बसवली, आणि खिडकीतून दिसणारी होडी माझी आहे, म्हणजे विकत घेतलेली नव्हे, केलेली. दुकानातला लेथ भंगारातून उभा केला. पायातले बूटही मीच शिवले. त्यातला डावा चावतो, पण तो दोष पायाचा आहे. आणि गेल्या आठवड्यात केली ती झाडं दाबायची फळी: दोन पाट, चार बोल्ट, चारही कोपऱ्यांत सारखा दाब. यातल्या कशाचंच शिक्षण मी घेतलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे, तरी सांगितलं.

आता कामाचं. तू तिकडे मोठ्या शहरात सुकलेल्या झाडांच्या संग्रहात नोकरी करतेस, मेलेली पानं कागदाला चिकटवतेस आणि त्याचा पगार घेतेस, हे मी इथे सांगतो तेव्हा लोकांना मीच थापा मारतोय असं वाटतं. तर त्या पगाराला जागायची वेळ आली आहे.

आमच्या ओढ्याच्या काठाला एक झाड आलंय. मुळं काठावरच्या चिखलात, अंग पाण्यात, आणि शेंडा पाण्याच्या वर वीतभर ताठ, बाटली धुवायच्या ब्रशासारखा. रंग हिरव्यात थोडी राख कालवल्यासारखा. दोन वर्षांपूर्वी ते इथे नव्हतं. आता ते पुलाखालच्या नळ्यांत अडकतं, पाणी तुंबतं आणि खालच्या गल्लीतल्या दुकानांच्या मोऱ्यांतून वर येतं. मला पंप घेऊन तीनदा धावावं लागलं. तिसऱ्या वेळी लाँड्रीवाल्याच्या धुतलेल्या चादरींनी पुन्हा एकदा आंघोळ केली होती आणि तो माणूस त्या पाण्यात उभा राहून माझ्यावरच ओरडत होता, जणू ओढाही मीच केलाय.

नाव कुणालाच सांगता येईना. मला वाटतं हे नवीनच आहे, जगात कुणी न पाहिलेलं. तसं असेल तर नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा असतो, असं ऐकून आहे. घाई नाही, पण विचार करून ठेवला आहे.

नमुना सोबत पाठवतोय. पानं दांड्याभोवती गोल घेरात येतात, पण कुठे चार, कुठे पाच, कुठे सहा, काही शिस्तच नाही. मी जास्तीची काढून सगळीकडे चार केली. तळाची काळपट पानं आणि मुळांचा गुंता कापून टाकला. मग इस्त्री केली, वार्निशचे दोन हात दिले आणि चौकटीत बसवलं. शंभर वर्षं हलणार नाही.

चौकट परत पाठव. झाड ठेवून घे.

तुझा,
खिळ्या

१२ फेब्रुवारी

प्रिय खिळ्या,

लहानपणी तू तोंडात खिळे धरून बोलायचास तेव्हा तुझं बोलणं कळायचं नाही. आता खिळे नाहीत, तरी परिस्थिती सुधारलेली नाही.

चौकट पोचली. आमच्या साहेबांनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, ही प्लास्टिकची वेल कुठे मिळाली. मी म्हटलं, माझ्या मावसभावाने पाठवली. ते म्हणाले, छान आहे, अगदी खरी वाटते.

अरे बाबा, घेरात पानं चार की पाच की सहा, यावरूनच आम्ही झाड ओळखतो. तू त्याला शिस्त लावलीस! तळाची काळपट पानं ही त्या झाडाची पाण्याखालची पानं असतात, ती वरच्यांसारखी नसतात, म्हणून ती हवी असतात. मुळं तर हवीच हवी. तू माझ्याकडे आरोपीचा फोटो पाठवलास, पण आधी त्याचे केस कापलेस, दाढी केलीस आणि बोटांचे ठसे घासून काढलेस.

नवीन वगैरे काही नसावं. जगाने न पाहिलेलं असं तुमच्या गल्लीत फक्त तुझे बूट आहेत. पण मला जो संशय येतोय तो खरा निघाला तर प्रकरण गमतीचं नाही. तेव्हा आता सांगते तसं कर. झाड मुळासकट उपट. धुऊ नकोस, विंचरू नकोस. वर्तमानपत्रात जसं पडेल तसं पसर, पान दुमडलं तर दुमडू दे, किडीने खाल्लं असेल तर किडीचा मान राख. वर तुझी ती फळी ठेव, फळी खरोखरच चांगली वाटते. रोज कागद बदल. प्रत्येक नमुन्याबरोबर लिही: कुठे, कधी, पाणी किती खोल, सोबत आणखी काय उगवलंय.

नीट केलंस तर तो नमुना आमच्या संग्रहात कायमचा राहील आणि खाली छापलेलं असेल: संकलक, पुढे तुझं नाव. झाडाला नाही, पण कागदाला तुझं नाव लागेल. आणि कच्ची नोंद नव्हे, नमुने आणि नकाशा दोन्ही असले, तर पालिकेला ते काढावंच लागतं. नाहीतर लाँड्रीवाल्याने मोरीवर बूच लावून बसावं.

तुझी,
ताई

ता.क. चौकटीत मी साहेबांचा फोटो लावलाय. परत मिळणार नाही.

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

चौकट दिली असं समज.

नमुने पाठवतोय. तू म्हणालीस तसे: घाणेरडे, वाकडे, विस्कटलेले. हाताला सवय नाही, फार त्रास झाला. एका पानावर गोगलगाय होती, तीही दाबली गेली आहे, तिचा मान राखला. खोली, तारीख, शेजारपाजार सगळं वेगळ्या चिठ्ठीवर आहे. ओल्या वजनाचीही नोंद केली आहे. तू मागितली नव्हतीस, पण वळणावर जी बाई पाण्यातली रोपं विकते तिच्याकडे चांगला तराजू आहे. घरामागे टब मांडून कमळं वगैरे वाढवते, आम्ही सगळे तिला रोपवालीच म्हणतो. ती तराजू कुणाला देत नाही. मला दिला.

आता खरी बातमी. तू नमुने तपासेपर्यंत गल्लीने पाण्यात बसायचं का? मी यंत्र केलं. होडीच्या नाकावर आडवा दांडा, दांड्यावर गवत कापायच्या यंत्राची आठ पाती, मागे स्कूटरचं इंजिन. रविवारी दुपारी पुलापासून वळणापर्यंत चालवलं आणि वळणाच्या थोडं खालपर्यंतही. लोणी कापावं तसं कापत गेलं, ताई. मागे हिरवा चुरा तरंगत होता आणि प्रवाह तो आपोआप वाहून नेत होता, म्हणजे उचलायचाही त्रास नाही. पुलावर माणसं जमली होती. लाँड्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या, ज्याने जन्मात कुणाचं बिल वेळेवर दिलं नाही त्याने.

रोपवाली मात्र काठावर येऊन हात हलवत होती, पिसारा कापू नका, पिसारा कापू नका, म्हणून. पिसारा. नाव काय सुंदर सुचलं बघ तिला. इंजिनाच्या आवाजात मी हात हलवून तिला सलाम केला. बायकांना हिरव्या गोष्टींची माया असतेच. नंतर चहा दिला तिने, पण बोलली नाही फारशी. यंत्र पाहून अवाक झाली असावी.

नमुन्यांबद्दल कळव. यंत्राचं चित्रही सोबत आहे, मोजमापासह.

तुझा,
खिळ्या

२६ फेब्रुवारी

खिळ्या,

यंत्र बंद कर. हे पत्र मिळाल्या मिळाल्या. चित्र मी फाडलं, कुणी पाहून आणखी एक करू नये म्हणून.

नमुने उत्तम आहेत, गोगलगायीसकट. झाड ओळखलं. ते परदेशातलं आहे, शोभेच्या तळ्यांसाठी आणलेलं आणि हातातून सुटलेलं. या झाडात नर असतो आणि मादी असते, पण आपल्या भागात जी पोचली त्या सगळ्या माद्याच. एकही नर नाही, त्यामुळे एकही बी नाही. आणि त्यांचं काही अडलेलंही नाही. त्या तुकड्यातून वाढतात. बोटाच्या पेराएवढा दांडा तुटला, वाहत गेला, चिखलाला लागला की झालं नवीन झाड.

आता तुझ्या त्या आठ पात्यांचा हिशेब तूच मांड. एका दुपारात तू जी लागवड केलीस ती सरकारी योजनेला दहा वर्षांत जमली नसती. आणि वर टाळ्या घेतल्यास.

कापायचं नाही. जाळी लावून, हाताने, मुळासकट उपटायचं, पाण्यापासून लांब नेऊन वाळवायचं. दुसरा उपाय नाही. त्यासाठी पालिकेला दाखवायला नकाशा हवा: कुठून सुरू होतं, कुठे संपतं, कुठे दाट, कुठे विरळ. मुख्य म्हणजे कुठून सुरू होतं. जिथून आलं ती जागा राहिली तर बाकी सगळं उपटून दर वर्षी पुन्हा तेच.

आणि एक सांग. व्यापारात या झाडाला पिसारा म्हणतात. रोपवालीला ते नाव सुचलं नाही, तिला ते ठाऊक होतं. कुठून?

तिचा उल्लेख तुझ्या पत्रात तराजू, टब, सलाम आणि चहा एवढ्या निमित्तांनी आला आहे. माझ्या प्रकृतीची चौकशी एकदाही नाही.

ताई

२१ मार्च

प्रिय ताई,

तुझी प्रकृती कशी आहे?

उत्तराला उशीर झाला. कामात होतो. यंत्र मोडलं. पाती विकली, इंजिन परत स्कूटरला लावलं. लाँड्रीवाला विचारतो, पुन्हा कधी चालवणार. मी त्याला सांगितलं, आता ते शास्त्रीय कारणासाठी बंद आहे.

नकाशा सोबत आहे. तीन रविवार लागले असं वाटेल, पण ते तसं नव्हतं, मधल्या संध्याकाळीही होत्या. होडी दोराने बांधून काठाकाठाने सरकवली, दोरावर गाठी मारून अंतर मोजलं. दाट जागा भरीव हिरव्या, विरळ जागा ठिपक्यांच्या. वळणाच्या खाली जे लाल रंगात आहे ती नवीन रोपं, बोटबोटभर, म्हणजे माझ्या यंत्राची. तीही दाखवली आहेत. मी चूक लपवणारा माणूस नाही. पुलाचे नळे, दगडी घाट, लाँड्रीची मोरी, सगळं प्रमाणात आहे. अक्षरं स्टेन्सिलने काढली, स्टेन्सिल घरी केलं. पालिकेच्या स्वतःच्या नकाशात पूल उलट्या बाजूला आहे, हे त्यांना कळवलंस तर बरं.

गल्लीतल्या लोकांनी बघायला मागितला म्हणून दोन दिवस सायकलवाल्याच्या दुकानात टांगला होता. फार कौतुक झालं.

रोपवालीबद्दल विचारलंस. ती तिचा धंदा करणारी बाई आहे. तिच्या टबांत काय आहे हा तिचा प्रश्न.

कागदावर माझं नाव छापताना आडनावाचं स्पेलिंग मला आधी दाखव.

तुझा,
खिळ्या

३० मार्च

प्रिय खिळ्या,

प्रकृती ठीक आहे. विचारल्याबद्दल आभार. का विचारलीस तेही कळलंय.

नकाशा इथे भिंतीवर लावला आणि आमच्या ऑफिसातले सगळे उठून बघायला आले. असं काम आमच्याकडे पगारी माणसं करत नाहीत. दोराच्या गाठींचं ऐकून साहेब खुर्ची ओढून नकाशासमोरच बसले, जे ते सहसा कुणासाठी करत नाहीत. हे मी आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील.

उत्तर दिशेची खूण नकाशाच्या कोपऱ्यात असते. वरच्या उजव्या, फार तर डाव्या. तू ती काढलीस ओढ्याच्या मधोमध, बरोबर वळणावर. आणि केवढी काढलीस! पुलापेक्षा मोठी. आठ टोकांची, सावली दिलेली, मध्ये नक्षी. त्या खुणेखाली काठाचा सगळा तुकडा गेला. वळणाच्या वर पुलापर्यंत हिरवं आहे, वळणाच्या खाली हिरवं आणि लाल आहे. मध्ये उत्तर दिशा.

जो माणूस पालिकेचा पूल कुठल्या बाजूला आहे हे तपासतो, तो माणूस उत्तर दिशा ओढ्यात बुडवत नाही. तिथे तिचे टब आहेत, हो ना?

मी तुला फसवणार नाही, काय होईल ते सांगते. जागा दाखवली तर पालिकेची माणसं येतील, टब रिकामे करतील आणि तिची विक्री या हंगामापुरती बंद ठेवतील. तुरुंग वगैरे काही नाही, तिने मुद्दाम केलं नाही. पण हंगाम जाईल, आणि तुझ्या पत्रांवरून वाटतं की ती त्या हंगामावरच जगते. जागा दाखवली नाही, तर नमुने खरे आणि नकाशा खोटा. खालची गल्ली दर वर्षी पाण्यात, आणि दर वर्षी उपटायला तू.

नकाशा मी अजून दाखल केलेला नाही. त्यावर संकलक म्हणून तुझं नाव जाणार आहे, माझं नाही. तू सांग.

ताई

४ एप्रिल

ताई,

नकाशा परत पाठव. माझं नावही नको आणि तुमचा संग्रहही नको.

ती माझ्या बरोबरीच्या वयाची बाई आहे, एकटी आहे आणि कुणाच्या दारात कधी गेलेली नाही. मी तिथे संध्याकाळी जातो, टबांच्या कडेला बसतो, पंपाचं बोलतो. ती ऐकते. तुला माहीत आहे, माझं पंपाचं बोलणं कुणी पुरतं ऐकत नाही. एवढंच आहे. ते एका कागदासाठी घालवू?

सायकलवाला म्हणतो, शास्त्र ही पोटभर जेवलेल्या लोकांची करमणूक आहे. त्याला सायकलीतलंही काही कळत नाही, पण हे बरोबर बोलला.

खिळ्या

१० एप्रिल

प्रिय खिळ्या,

नकाशा नळीत घालून पाठवला आहे. रागावलेली नाही.

एकच विचारते. हे सगळं तू तिच्यासाठी केलंस. तिला विचारलंस का?

ताई

२३ मे

प्रिय ताई,

तुझ्या शेवटच्या पत्राचा मला इतका राग आला की मी ते नीट घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवलं. पुन्हा काढलं. चार दिवस असंच. मग नळी काखेत मारून वळणावर गेलो.

ती टब घासत होती. मी सुरुवात पंपापासून केली, मग ओढ्याच्या पातळीवर आलो, मग पावसावर. तिने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, नकाशाचं बोलायला आलाय ना, मग बोला. मी म्हटलं, तुमची जागा मी दाखवलेली नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. अख्खी गल्ली बघून गेली तो सायकलवाल्याकडे. तेव्हापासून माझ्या घराला उत्तर दिशा म्हणतात. लाँड्रीवाला परवा विचारत होता, उत्तरेकडे कमळं काय भाव."

ताई, मला वाटत होतं ती खूण कुणाच्या लक्षात आलेली नाही.

मग ती बोलली, आणि मी इतक्या संध्याकाळी तिथे बसलो तरी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पिसारा तिने एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेतला होता, हॉटेलवाल्यांच्या तळ्यांसाठी चांगला खपतो म्हणून. मागच्या मोठ्या पुरात ओढ्याचं पाणी उलटं फिरून पुलापर्यंत चढलं, त्यात टब भरून वाहिले. काठावर ते दिसायला लागलं तेव्हा तिने ओळखलं. रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून आपल्या काठाचं ती एकटी उपटत होती. पालिकेला सांगायचं ठरवत होती, पण हा हंगाम जाऊ दे, मग सांगू, असं म्हणत दोन हंगाम गेले. तेवढ्यात मी इंजिन घेऊन आलो.

मी म्हटलं, मी तुम्हाला वाचवायला बघत होतो. त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला अजून ऐकू येतं.

"मी काठावरून ओरडत होते तेव्हा तुम्ही मला सलाम ठोकलात. नकाशावर मला झाकलंत, तेही विचारलं नाहीत. तुम्हाला स्वतःच्या हातचं तेवढं दिसतं. समोरच्याला तोंड आहे, हे दिसत नाही."

बोलण्यासारखं होतं, पण त्यातलं सगळं पंपाबद्दल होतं.

तिने नकाशा टबावर पसरला. म्हणाली, ती खूण खोडा. मी खरवडली, ब्लेडने, कागदाला धक्का न लावता. मग तिने माझ्या हातातली हिरवी पेन्सिल घेतली आणि स्वतःची जागा स्वतः भरली. रेघ वाकडी आली. काठाच्या बाहेर गेली, चक्क घाटावर चढली. पट्टी माझ्या खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही, याची नोंद घे.

तोच नकाशा तुझ्याकडे रजिस्टरने पाठवला, तो तू दाखल केलास, पालिकेची माणसं आली. त्यांनी टब रिकामे केले. कमळं कापडात गुंडाळून बाजूला ठेवायची परवानगी दिली, बाकी सगळं गेलं. दारावर कागद लागला, विक्री हंगामभर बंद. ती उभी राहून बघत होती आणि त्या माणसांना सांगत होती, तो टब तिरका करा, पाणी ओढ्याच्या बाजूला जाऊ देऊ नका, कळत नाही का. शेवटी ते तिलाच विचारून काम करायला लागले.

मी मात्र तिथे उभा होतो आणि मला तिच्याकडे बघता येत नव्हतं. संध्याकाळी गेलोही नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, सायकलवाल्यातर्फे, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता: जाळी घेऊन या, काठ उपटायचा आहे.

तेव्हापासून उपटतोय. जाळी माझी, पद्धत तिची. ती सांगते कुठे हात घालायचा, दांडा कसा तुटू द्यायचा नाही. मी हळू करतो म्हणून बोलणी खातो. पालिकेने दिलेली चार माणसं वरच्या बाजूला आहेत, वळण आमच्याकडे आहे. लाल ठिपके सगळे मी स्वतः काढले. पुलाखालचे नळे मोकळे झाले. लाँड्रीवाल्याची मोरी कोरडी आहे आणि आता तो वासाबद्दल तक्रार करतो. उपटलेलं तिच्या अंगणात, ओढ्यापासून लांब, मी केलेल्या लाकडी मांडवावर पसरतो. खालचं वाळतं, वरचं रोज नवीन ओलं, असा तो ढीग छातीएवढा झाला होता.

नमुन्याच्या कागदावर संकलक म्हणून दोन नावं लाव. झाड तिने आधी ओळखलं होतं. तिचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर आहे. तिला विचारलं आहे.

आता राहिली गेल्या गुरुवारची गोष्ट. टेम्पो घेऊन एक माणूस आला. गळ्यात चष्मा, हातात दोन फोन. तोच घाऊक व्यापारी, ज्याने तिला पिसारा विकला होता. त्याला आमच्या बंदीचं कळलं होतं. म्हणाला, इथे बंदी आहे, पण पलीकडच्या शहरात नाही, तिथे नवी हॉटेलं झालीत, तळी झालीत. ढीग आहे तसा द्या, ओला ओला मी वेगळा करून घेतो, टाकायचा तुमचा खर्च वाचला. आकडा ऐकून मला आधी वाटलं तो टेम्पोची किंमत सांगतोय.

एरवी मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. या वेळी म्हटलं, थांबा, विचारतो. आत गेलो. ती हात धूत होती. सगळं सांगितलं, आकड्यासकट. हंगाम गेल्यावर तिच्याकडे काय उरलंय हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, म्हणून मी पुढे काही जोडलं नाही.

तिने टॉवेलला हात पुसले, बराच वेळ पुसले. मग बाहेर आली आणि व्यापाऱ्यासमोर मला म्हणाली, ढीग दोघांचा आहे. निम्म्याचं तुम्ही सांगा, निम्म्याचं मी सांगते. आधी तुम्ही.

आणि माझ्याकडे बघतही नव्हती, ढिगाकडे बघत होती. ती काय म्हणणार हे मला कळत नव्हतं, ताई. ती हो म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो. मी म्हटलं, माझा निम्मा विकायचा नाही.

व्यापारी तिच्याकडे वळला. मग तुमचा निम्मा, बाई?

ती ढिगाभोवती एक चक्कर मारून आली. एक ओला दांडा उपसून बघितला, परत टाकला. म्हणाली, "कसा देऊ? मिसळलाय सगळा."

तो शिव्या देत गेला. आम्ही संध्याकाळपर्यंत ढीग उलटापालटा केला, ओलं खाली, कोरडं वर. नंतर टबांच्या कडेला बसलो. पंपाचा विषय तिनेच काढला.

तू नोंदी नीट ठेवणारी बाई आहेस, म्हणून पुरतं लिहितो. पूर्ण ढिगाचे त्याने एक लाख चार हजार सांगितले होते, रोख. म्हणजे मी नाकारले ते माझ्या निम्म्याचे, बावन्न हजार.